उसनी वाटी

पहिल्या जागी, डेव्हनमध्ये, सगळं सामायिक.
पैसे, सायकली, मोजेसुद्धा:
धुऊन एका पेटाऱ्यात टाकायचे,
सकाळी हाताला येतील ते घालायचे.
मी माझ्या पायांकडे पाहिलं.
म्हटलं, विचार करून कळवते.
परतीच्या गाडीत बूट काढून
बोटं हलवून पाहिली. दहाही माझीच होती.

दुसरीकडे, वेल्समध्ये, दुपारपर्यंत मौन.
छान होतं. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी मी कुंपणाशी उभी राहून
मेंढ्यांशी मराठीत बोलत होते,
आणि त्यातल्या एका लठ्ठ मेंढीपाशी
चक्क पोटच्या पोरीचं गाऱ्हाणं सांगत होते.

ती पोर, मृण्मयी, टोरांटोहून हसते:
"आई, तू आश्रम शोधतेयस की वृद्धाश्रम?"
कसं सांगू, दोन्ही नाही.
वुल्व्हरहॅम्प्टनच्या घरात तीन खोल्या
आणि वापरातला एक कप,
विसळून परत त्याच खिळ्याला.
शेजारी फार सज्जन. अकरा वर्षांत
त्यांचा कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर येतो
हे मला पाठ झालंय.
त्यांना माझं नाव अजून उच्चारता येत नाही,
म्हणून ते हात हलवतात.

मग ही गिरणी.
यॉर्कशायर, कॅल्डर नदीच्या वरच्या अंगाला,
पूर्वी इथे लोकर विंचरायचे.
आता अठरा घरं, एक मोठं स्वयंपाकघर,
आठवड्यातून तीनदा एकत्र पंगत,
एरवी तुमचं दार तुमचं.
अर्जात विचारलं होतं: इथे का राहायचंय?
मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
"चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात
लोकांना सांगत आले, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
जेवण कोणाबरोबर, ते सांगायचं राहूनच गेलं."

महिनाभर राहून बघा, म्हणाले. खोली दिली.
त्याच संध्याकाळी सभा.
विषय: कपडे वाळत घालायची दोरी.
डेस्मंडला ती सफरचंदाच्या झाडाला बांधायला नको,
ऑड्राला दुसरीकडे ऊन नाही,
आणि एकमत झाल्याशिवाय उठायचं नाही.
पावणेतीन तास.
मी पाहुणी, मत नसलेली,
न राहवून म्हणाले, आमच्यात म्हणतात,
भांड्याला भांडं लागायचंच.
डेस्मंडने ते वहीत लिहून घेतलं.
दुसऱ्या दिवशी सिंकशेजारी लाकडी जाळी,
खाचांना रबर लावलेली,
ताटं एकमेकांना लागू नयेत म्हणून.
त्याने रात्री जागून केली होती.
मी काही बोलले नाही. माझं ताट त्यात उभं केलं.

दहाव्या दिवशी, दिवेलागणीला,
सात नंबरची रोवेना दारात:
मीठ आहे का थोडं?
तिन्हीसांजेला मीठ देऊ नये.
हात क्षणभर डब्यावरच थांबला.
पण अकरा वर्षांत कोणी माझ्याकडे
काहीच मागायला आलं नव्हतं.
स्टीलची वाटी शिगोशीग भरून दिली.

सकाळी वाटी उंबऱ्यावर होती.
घासलेली, पुसलेली, तोंड दिसेल अशी लख्ख.
आणि रिकामी.
एक साखरेचा दाणा नाही, लिंबाची फोड नाही.
बराच वेळ मी ती मांडीवर घेऊन बसले.
सामान तसं फार नव्हतं. दोन बॅगा.
दुपारची बस होती.

बस गेली. वरून दिसते ती वळणावर.

संध्याकाळी मी सात नंबरात गेले,
दूध मागितलं, जे मला नको होतं.
परवा त्यांचा जग परत केला
गळ्यापर्यंत शंकरपाळ्यांनी भरून.
रोवेना म्हणाली, "अगं, हे कशासाठी?"
म्हटलं, "जग रिकामा होता म्हणून."
इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे
त्यातला अर्धा अर्थ माझ्याचपाशी राहिला.

अर्ज टेबलावर आहे.
किती काळ राहण्याचा विचार आहे, ही ओळ कोरी.
वाटी पुन्हा सात नंबरात गेलीय,
या खेपेला जिऱ्यासाठी.
आठवडा झाला.
मी मागितलेली नाही.